विरघळणारी नळी

पित्ताशयातले खडे काढून छायाला चार दिवस झाले होते. डोळे पिवळे दिसायला लागले, पोट फुगलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर ढुंढिराज स्वतः खोलीत आले आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"छायाताई, दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पित्ताच्या नळीला चीर गेली. चूक माझ्या हातून झाली."

नवरा गोटीराम तावातावाने उठला. छायाने त्याचा हात धरला. मखमलाबादच्या मळ्यात टोमॅटो काढता काढता ती इतक्या व्यापाऱ्यांशी बोलली होती. पण एवढं स्पष्ट बोलणारा माणूस तिला क्वचितच भेटला होता.

"मग आता?" तिने विचारलं.

"गंगापूर रोडला डॉक्टर उत्तरा आहेत. कधीकाळी माझ्या हाताखाली शिकल्या. या कामात आज माझ्यापेक्षा त्यांचा हात चांगला आहे."

त्यांनी तिला आपल्याच गाडीतून नेलं. उत्तराबाईंनी आधी पोटात साचलेलं पित्त बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी तिला सगळं समजावून सांगितलं. चीर शिवताना आत आधाराला नळी ठेवावी लागते. नेहमीची प्लास्टिकची असते, ती पुन्हा तोंडातून दुर्बीण घालून काढावी लागते. दुसरी नवीन होती, काही महिन्यांत पोटातच विरघळणारी.

"हिच्यावर अजून अभ्यास चालू आहे. मी चौघांनाच बसवली आहे," उत्तराबाई म्हणाल्या. "नको म्हणालात तरी ऑपरेशन तितक्याच काळजीने करीन."

"इरघळली अन् रस्ता पुन्हा बंद झाला तर?"

"तसं होऊ शकतं. म्हणून दर महिन्याला तपासू. पण तोवर जखम भरून यावी, असा हिशोब आहे."

छायाने रात्रभर विचार केला आणि सकाळी नव्या नळीच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन पाच तास चाललं. नंतर नर्स सुमनबाईंकडून तिला कळलं, की ढुंढिराज डॉक्टर सगळा वेळ उत्तराबाईंचे मदतनीस म्हणून उभे होते. कालची शिष्या सांगेल तसं धरत होते, सोडत होते.

डोळ्यांचा पिवळेपणा हळूहळू उतरला. दर मंगळवारी ढुंढिराज येऊन तिची चौकशी करत. गोटीराम आधी तोंड फिरवून बसायचा. तिसऱ्या मंगळवारी त्याने खुर्ची पुढे केली.

सहाव्या महिन्यात उत्तराबाईंनी तपासणीत काढलेला पोटाचा फोटो उजेडासमोर धरला. नळीचा मागमूस नव्हता आणि पित्ताची वाट मोकळी होती. त्या हसल्या, मग तपासणीला आलेल्या ढुंढिराजांकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही लगेच घेऊन आलात, म्हणून जमलं."

छाया ढुंढिराजांजवळ गेली.

"डॉक्टर, सासूबाईंना हर्निया हाय. लय दिवस अंगावर काढत्यात. सोमवारी तुमच्याकडं घेऊन येऊ का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग ते म्हणाले, "या. सकाळी उपाशीपोटी आणा."