धाकटीला पडून राहायला सांगितलंय

“दाखव की, काय शिकवतात तिथे दवाखान्यात,” सासू होसियत म्हणाली, तशी सनोबर हसत हसत भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

सातवा महिना चालू होता. भिंतीला पाठ टेकवून ती सावकाश खाली बसली आणि तशीच सावकाश उठली. मग सतरंजीवर ओणवी होऊन तिने मांजरीसारखी पाठ वर उचलली. अंगणातल्या लाकडी माच्यावर चहा घेत बसलेल्या दोन शेजारणी डोईच्या रुमालाचे टोक तोंडाशी धरून हसू लागल्या.

“रानो ओपा, तिथल्या डॉक्टरताई, म्हणतात, पोटुशी बाईनं नुसतं बसून राहू नये,” सनोबर धापा टाकत म्हणाली. “अंग हलतं ठेवलं की सुटका सोपी होते.”

“अस्सं,” होसियत म्हणाली. “ओणवं व्हायचं, उठाबशा काढायच्या. मग त्याला दवाखाना कशाला हवा? आपलं अंगण काय लहान आहे?”

शेजारणी पुन्हा हसल्या. सनोबरही हसली. सासू थट्टा करते आहे असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवशी फरशी पुसायच्या फडक्याची दांडी जागेवर नव्हती. “ओणवी होऊन पूस,” होसियत म्हणाली. “मांजर कर मांजर.” त्या आठवड्यात तिचे दवाखान्यातल्या वर्गाला जाणे बंद झाले. व्यायाम घरी होतो आहे, मग गावभर पोट मिरवत कशाला जायचे, असा सासूचा हिशेब होता. सनोबर रिश्तोन गावच्या कुंभाराची मुलगी. लहानपणापासून बापाची माती तुडवलेली. कामाचे तिला काही वाटत नव्हते. वाईट वाटले ते त्या वर्गाचे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत सात-आठ बायका चटयांवर पडून एका सुरात श्वास सोडायच्या, एकमेकींच्या पोटांकडे बघून हसायच्या. या घरात आल्यापासून फाटकाबाहेरचा तेवढाच एक तास तिचा होता.

नवरा इल्योस रशियात इमारतींवर कामाला होता. त्याचा फोन यायचा तो ओयीच्या, म्हणजे आईच्या, फोनवर, आणि आवाज मोठा करून सगळ्यांमध्ये ठेवला जायचा. “बरी आहेस ना?” तो विचारायचा. “बरी आहे,” ती सांगायची. सासू समोर बसून वाटाणे सोलत असायची.

बाळंतपण खरोखरच सोपे झाले. मुलगी झाली.

बाळंतिणीने चिल्ल्याचे चाळीस दिवस गादी सोडायची नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, हे त्या मुलखात घरोघर पाळतात. सनोबरची आई नवी रजई आणि मेंढीच्या रश्श्याचे भांडे घेऊन आली. होसियत दारातच उभी राहिली.

“विहीणबाई, आमची सून शिकलेली आहे. बाईनं बसून राहू नये, असं तिला डॉक्टरनीच सांगितलंय. तिच्याच तोंडून ऐकलं आम्ही. साक्षीदारसुद्धा आहेत.”

आईने लेकीकडे पाहिले. मुलीच्या सासरी आवाज चढवायची रीत नव्हती. तिने रजई कोनाड्यात घडी करून ठेवली, नातीच्या कपाळावर ओठ टेकवले आणि शेवटच्या गाडीच्या कितीतरी आधी ती निघून गेली.

बाळाची नाळ गळून पडायच्या आत सनोबर तंदूरपाशी होती. घरच्यांसाठी कणीक मळत होती, पाण्याच्या बादल्या ओढत होती. एकदा फोनवर तिने नवऱ्याला म्हटले, “कंबर फार दुखते.” पलीकडून इल्योस म्हणाला, “ओयी म्हणते तू नाटकं करतेस. कशाला तिला त्रास देतेस?”

धाकट्या दिराच्या लग्नाआधी घरातले सगळे गालिचे धुवायला काढले. पाटाकाठी ओला गालिचा उचलताना सनोबरच्या पोटात काहीतरी सुटल्यासारखे झाले. दुखले नाही. मांड्यांमध्ये अंडे अडकावे तसे काहीतरी खाली आले आणि तिथेच राहिले. ती पाटाच्या कडेला खाली बसली.

“ओयी, आतून काहीतरी खाली आलंय.”

“सगळ्यांचंच येतं,” होसियत गालिच्यावर पाणी ओतत म्हणाली. “कापड घट्ट बांध. आणि ती बाजू उचल.”

मुलीला लस टोचून आणायच्या निमित्ताने ती रानो ओपाकडे पोचली, तोवर झाडांची पाने गळून गेली होती. रानोने तपासले आणि बराच वेळ हात धूत राहिली. “अंग बाहेर आलंय, गर्भाशय खाली सरकलंय,” ती म्हणाली. “ओझं उचलायचं नाही. दुसरं मूल जड जाईल. एवढं काम कुणी करायला लावलं तुला?”

सनोबर मुलीचे टोपडे सारखे करत राहिली. रानोने मग तिला एक नवा व्यायाम शिकवला. लघवी अडवून धरावी तसे आतून वर ओढायचे, धरायचे, सोडायचे. “उभ्यानं कर, चहा ओतताना कर. कुणाला कळत नाही.”

हा व्यायाम सनोबरने घरी कुणाला दाखवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटी जाऊ नाफिसा गरोदर राहिली. पोर अजून आरशासमोर गाणी म्हणायच्या वयाची. सोबत म्हणून होसियतने सनोबरला दवाखान्यात धाडले. नाफिसा चटईवर ओणवी झाली, श्वास सोडायला शिकली आणि परत येताना वाटभर बडबडत राहिली.

“ओपा, ते मांजरीसारखं करायचं ना, ते मी ओयीला करून दाखवते. हसून हसून लोळेल ती.”

“हो,” सनोबर म्हणाली.

रात्री जेवण झाल्यावर होसियतने पेला पुढे केला. “काय म्हणाली मग डॉक्टरीण? हिलाही हलतं राहायला सांगितलं असेल.”

नाफिसाने तोंड उघडले. त्याआधीच चहा ओतता ओतता सनोबर म्हणाली, “नाही. धाकटीला पडून राहायला सांगितलंय. वार खाली आहे म्हणे. बादलीसुद्धा उचलायची नाही. आणि नंतर चिल्ला पुरा करायचा, नाहीतर बाळाला धोका आहे.”

नाफिसा तिच्याकडे बघतच राहिली. सनोबरने नजर पेल्यावरून हलवली नाही.

“तुला तर वेगळं सांगितलं होतं,” होसियत म्हणाली.

“माझी वार वर होती.”

होसियतने तिला बराच वेळ न्याहाळले. खोटे तिला कळले की नाही, ते सनोबरला कधीच समजले नाही. “मग हिच्या वाटचं कोण करणार?”

“मी करीन.”

“कर. तुला सवय आहे,” होसियत म्हणाली आणि चहा प्याली.

हिवाळ्यात नाफिसाला मुलगा झाला. बघायला आलेल्या बायकांना होसियत सांगायची, “धाकटी नाजूक आहे. पण थोरली बघा, एक दिवस पाठ टेकली नाही हिनं.” बायका कौतुकाने माना हलवायच्या. सनोबर नान आणि रस्सा आणायची, रिकामी भांडी घेऊन जायची. कधी कधी मोरीच्या भिंतीला धरून थोडी थांबायची.

एका दुपारी होसियत बाजाराला गेली. सनोबर दुधाचे भांडे घेऊन खोलीत आली, तर नाफिसा बाळाला घेऊन गादीच्या कडेला सरकली होती.

“पडा ना जरा,” ती म्हणाली. “घरात कुणी नाही.”

“कामं आहेत गं.”

“ओपा, मला माहीत आहे.”

सनोबरने भांडे खाली ठेवले. ती गादीवर आडवी झाली, हात पोटावर, पाय जुळवून, परक्या घरी पाहुणे झोपतात तशी. गादी उबदार होती. बाळाच्या दुधाचा वास येत होता. नाफिसाने तिच्या पायांवर रजई ओढली.

थोड्याच वेळात फाटक वाजले. सनोबर उठली. गादीवर आपल्या अंगाच्या जागी पडलेली वळी तिने तळहाताने सपाट केली आणि ती बाहेर गेली.