मिस्त्रींची दोन बोटं

मिस्त्रींनी स्टेअरिंगवर बोटं ठेवली की शेजारच्याने तोंड मिटायचं, हा नियमच होता. रेडिओ बंद, काचा वर, आणि दोन्ही हातांची फक्त दोन-दोन बोटं, अंगठाही न लावता. "मुठीत धरलं की आपण बोलतो, बोटं ठेवली की गाडी बोलते," असं ते पस्तीस वर्षं सांगत आले होते. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यावर त्यांनी अर्ध्या गावाचा चहा फुकट प्यायला होता. जुनी गाडी घ्यायची, तर मिस्त्रींची दोन बोटं लागल्याशिवाय कोणी पुढे जात नसे.

आज मात्र गाडी बोलत होती की मुकी होती, देव जाणे. मिस्त्रींना काही म्हणजे काही कळत नव्हतं.

साखरेच्या आजाराने बोटं बधिर करून टाकली होती. शर्टाची बटणंसुद्धा खाली बघून लावावी लागत. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, पण मिस्त्रींनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. बोटं गेली म्हटल्यावर मिस्त्री उरतो कुठे?

शेजारी भाची बसली होती, श्वास रोखून. सात वर्षं दवाखान्यात रात्रपाळ्या करून तिने ही लाल, बुटकी, दोनच माणसांची गाडी घ्यायचं ठरवलं होतं. वय झालेली गाडी, पण पळायला वाघीण. विकणाऱ्या शेठला तिने आधीच बजावलं होतं, "मामा हो म्हणाला तरच घेणार."

शेठच्या दुकानामागच्या खडबडीत रस्त्यावरून एक फेरी मारून मिस्त्रींनी गाडी थांबवली. "लोणी आहे, लोणी!" ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच ठणठणीत निघाला, याचं त्यांना बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

मग भाचीने चालवली. तिनेही दोनच बोटं ठेवली. लहानपणी मामाच्या मांडीवर बसून शिकलेली. खडबडीत पट्टा आला तशी ती म्हणाली, "मामा, डाव्या बाजूने काहीतरी टकटक करतंय. ऐकू येत नाही, बोटांत येतंय."

"तो रस्ता आहे."

"रस्ता नाही रे. सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग मध्येच सैल वाटतंय."

"आता तू मला शिकवणार?" मिस्त्री एकदम उसळले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण दुकानात शेठने "काय, कशी वाटली?" विचारलं आणि मिस्त्रींची जीभ सुटली. "हिला टकटक लागते म्हणे! काल गाडी शिकली, आज गाडीची वैद्य झाली!" शेठ खो खो हसला. भाचीचे कान लाल झाले.

"मामा म्हणतोय तर असेल तसंच," ती म्हणाली आणि सहीसाठी कागद पुढे ओढला. उजव्या हातात पेन होतं. डाव्या हाताचा अंगठा मात्र बोटांच्या टोकांवरून हळूहळू फिरत होता, तिथे लागलेलं काहीतरी अजून चाचपत असल्यासारखा. मिस्त्रींनी ते पाहिलं. ती खोड त्यांचीच होती. बोटं खोटं सांगत नाहीत, हे त्या पोरीला त्यांनीच शिकवलं होतं, आणि आता तेच तिला बोटांवर विश्वास ठेवू देत नव्हते. याच गाडीने ती उद्या पहाटे, रात्रपाळी संपवून, अर्धवट झोपेत मोठ्या रस्त्याने घरी येणार होती.

"थांब," ते म्हणाले. "सही करू नकोस. शेठ, गाडी जॅकवर घ्या."

डावं चाक वर उचललं. शेठने ते दोन बाजूंनी धरून हलवलं, तर खिळखिळ्या दातासारखं हललं.

"शपथ घेऊन सांगतो, मला ठाऊक नव्हतं," शेठ ओशाळून म्हणाला. "पण मिस्त्री, तुम्हाला कसं नाही लागलं?"

लक्ष नव्हतं म्हणावं, डोकं दुखत होतं म्हणावं. थापा जिभेवर तयार होत्या. मिस्त्रींनी भाचीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"माझ्या बोटांना काही कळत नाही. बधिर झाली आहेत. पोरीला कळलं ते खरं होतं, आणि मी तिला चारचौघांत वेडी ठरवली."

भाचीने त्यांचा हात हातात घेतला. तिचा स्पर्शही त्यांना नीट जाणवला नाही.

शेठ या वेळी हसला नाही. "किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं."

"दोन वर्षं?" शेठचा चेहरा उतरला. "मागच्या वर्षी माझ्या बायकोची गाडी तुम्हीच पास केलीत. ती रोज मुलांना घेऊन शाळेत जाते हो."

"फोन लावा तिला," मिस्त्री कसेबसे म्हणाले. "म्हणावं, असेल तिथे गाडी उभी कर."

शेठ फोन घेऊन बाहेर धावला. भाचीने हळूच विचारलं, "मामा, आणखी किती गाड्या आहेत?"

मिस्त्री पेरांवर अंगठा ठेवून मोजू लागले. अंगठा कुठल्या पेरावर आहे तेच कळेना, म्हणून डोळ्यांनी बघत बघत मोजावं लागलं. एक हात संपला. मग दुसराही संपला, तरी गाड्या आठवतच होत्या.