घट्ट झालेले मणी

माझा नातू याव जन्मला तेव्हा दीड किलोचा होता. त्याला दीड महिना झाला. एवढे दिवस तो माझ्या लेकीच्या, पोकुवाच्या, नाहीतर माझ्या उघड्या छातीला उबेसाठी बांधलेला. पहाटे माझी पाळी. पाठदुखीचं मी आता मनावर घेत नव्हते.

नर्स आसिबीने बजावलं होतं, गुरुवारी वजन वाढलेलं दिसलं नाही तर पुन्हा मोठ्या दवाखान्यात भरती. पोकुवाने तिथे शेजारच्या खाटेवरचं मूल दगावताना पाहिलं होतं. तिला तिथे परत जायचं नव्हतं.

आमच्याकडे मूल वाढतंय की नाही ते त्याच्या कमरेला बांधलेल्या मण्यांच्या माळेवरून कळतं. माझी चारही मुलं तशीच वाढली. त्या आठवड्यात यावचे मणी घट्ट झाले. पोकुवा कितीतरी दिवसांनी हसली. "आई, पोट बघ, अगदी गावप्रमुखासारखं!"

गुरुवारी आसिबीने त्याला काट्याच्या झोळीत ठेवलं. आकडे मला वाचता येतात. एक किलो सातशे. मागच्यापेक्षा पन्नास ग्रॅम कमी.

"काटा बिघडलाय तुझा," मी म्हणाले. "मणी बघ की."

तिने त्याच्या पोटावर बोटाने वाजवून पाहिलं. "आजी, हा नुसता ढोल आहे, वारा भरलाय. वाढला असता तर मांड्या भरल्या असत्या. काय पाजता याला?"

"माझंच दूध," पोकुवा म्हणाली.

"आजी, तुला विचारतेय."

"पेज," मी म्हणाले. "मक्याची, पातळ. पहाटे रडायचा. हिला उठवणं जिवावर यायचं. दोन-तीन चमचे, बस."

"मग दुधाला जागा कुठे उरणार?"

आसिबीने भरतीची चिठ्ठी लिहिली.

बाहेर बाकावर पोकुवा म्हणाली, "तू घरी जा."

मी गाठोडं उचललं. चार पावलं गेले असेन.

"थांब. मी झोपले की याला कोण धरणार? तुझा बाप?"

मी परत फिरले.

"रडला की मला उठवायचं. मेल्यासारखी पडले असले तरी उठवायचं."

"उठवीन."

तिने त्याला पदराखाली घेतलं. तो दोनदा ओढायचा, दमायचा, पुन्हा ओढायचा. मोठ्या दवाखान्याकडे जाणारी गाडी आली तेव्हाही पीतच होता. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

"वाजवू दे," पोकुवा म्हणाली. मी ड्रायव्हरला थांबवायला गेले.