ऐनाच्या सालीचा काळा रंग

आरतीचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि का तापू नये? बारा वर्षं पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनं उंदराच्या काळजाचे, मूत्रपिंडाचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले आणि रंगवले. काप रंगवल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली धड काही दिसत नाही. परदेशी रंग महाग, म्हणून या बाईनं ऐनाच्या झाडाच्या सालीचा काळा रंग शोधून काढला. आणि शोधनिबंधावर नाव कुणाचं? एकट्या रामनाथ सरांचं, प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं! तळाला बारीक अक्षरात, 'तांत्रिक मदतीबद्दल आरती यांचे आभार.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आज जुन्नरात सरांचा सत्कार होता आणि रंगाचं प्रात्यक्षिकही. आरतीची आई अंबाबाई जवळच्या मढ गावावरून नवं लुगडं नेसून आली होती. तिला वाटलं, सत्कार लेकीचा.

"तुला कवा बोलावत्यात गं वर?" तिनं दोनदा विचारलं. आरती दातओठ खात मंचाकडे बघत राहिली.

सरांनी शेगडीवर अ‍ॅल्युमिनियमचं चकचकीत पातेलं चढवलं, साल उकळली, काप रंगात बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मोठ्या पडद्यावर नुसता फिकट तपकिरी डाग उमटला. सरांनी दुसरा काप घेतला. पुन्हा तेच. लोक कुजबुजायला लागले.

"आगं बया, जर्मनच्या पातेल्यात उकाळली व्हय साल?" अंबाबाई म्हणाली. "ह्या बाबाला कुनी सांगितलं न्हाई?"

नव्हतंच सांगितलं. मढला मासेमारीची सुती जाळी ऐनाच्या सालीत रंगवायचे, ती साल लोखंडी कढईतच उकळायची. कढईचं लोखंड पाण्यात उतरतं तेव्हा कुठं रंग काळा होतो. लहानपणी आरतीनं एकदा जर्मनचं पातेलं घेतलं, तर आईनं पळीनं बडवलं होतं. प्रयोगाच्या वहीत मात्र तिनं एवढंच लिहिलं, 'घरच्यासारखी उकळणे.' पाणी तोंडानं प्यावं, असं कुणी लिहितं का? सरांनी वही उतरवून घेतली. घर कुणाचं, एवढंही विचारलं नाही.

अंबाबाई सांगायला उठली. आरतीनं तिचा पदर ओढला.

"खाली बस."

"आगं, मानसाची फजिती व्हतीय."

"होऊ दे."

तेवढ्यात सर माइकवर हसून म्हणाले, "आरतीबाई, जरा तांत्रिक मदतीला या."

तांत्रिक मदत! आरतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताडताड मंचावर चढली. सरांनी माइकवर हात ठेवून हळूच विचारलं, "काय राहिलं गं?"

तिनं माइक हिसकावला. "संशोधन तुमचं सर, मग मला काय विचारता? राहिलेली गोष्ट मी सांगते. आधी निबंध छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहा, इथंच, सगळ्यांसमोर. त्यात दोन नावं घाला. माझं, आणि मढच्या अंबाबाईंचं."

"इथं तमाशा नको. नंतर बसून बोलू."

"बारा वर्षं नंतरच चाललंय."

मागून अंबाबाईचा घाबरा आवाज आला, "माझं नाव कशापायी गं? म्या काय केलं?"

"तुला तसं वाटतं ना आई, म्हणूनच यांचं फावतं!" आरती ओरडली. तिचा आवाज फाटला, डोळे भरून आले, पण टेबलावरचा कागद तिनं सरांपुढे सरकवलाच.

लोक बघत होते. सरांनी खिशातून पेन काढलं.