छतातली हरकत

प्रयून मागच्या सीटवर पाय दुमडून कुशीवर पडला होता आणि दाराच्या अस्तराला त्याने कान चिकटवला होता. गाडी त्याची मुलगी तुक्ता चालवत होती. पुढे तिच्या शेजारी चानपेन, प्रयूनची बायको, मांडीवर केळ्यांची टोपली घेऊन बसली होती. आधी बाजारात सोडायचं, मग काय ते करा, या बोलीवर ती गाडीत बसली होती, आणि बाजार मागे पडून बराच वेळ झाला होता.

“आता चाळीसवर ने,” प्रयून खालून म्हणाला. “शाळेपुढच्या गतिरोधकावर ब्रेक लावू नकोस.”

“शाळा सुटायची वेळ आहे, बाबा.”

“मग विहारापुढच्या.”

विहारापुढचा गतिरोधक आला. गाडी उडाली, प्रयूनचं डोकं दारावर आदळलं, टोपलीतला एक घड घरंगळून तुक्ताच्या पायांशी गेला. आणि त्या गडबडीत, नखाने काच वाजवावी तसा तो बारीक आवाज आला. टक. मग दम घेऊन, टक-टक.

“ऐकलंत?” प्रयूनने विचारलं.

“मला तुमचं डोकं ऐकू आलं,” चानपेन म्हणाली.

तुक्ता हसली नाही. तिला सोमवारी मे सारियांगच्या पलीकडच्या डोंगरी रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायचं होतं. नेमणुकीच्या पत्रात अट होती की उमेदवाराकडे स्वतःची गाडी हवी, कारण रोगी वस्त्यावस्त्यांत विखुरलेले आणि तिकडे बस जात नाही. पत्र आलं त्या दिवशी प्रयूनने सगळ्या आळीसमोर सांगून टाकलं होतं, माझी गाडी घेऊन जा. त्याच आठवड्यात गाडी वाजायला लागली, आणि वाजणारी गाडी पोरीला डोंगरात द्यायची नाही, हे त्याने तितक्याच मोठ्याने सांगितलं. इथल्या दवाखान्यातही एक जागा रिकामी होती. घरापासून चालत जाण्याजोगी. तिच्यासाठी शुक्रवारपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं. तुक्ताने कळवलं नव्हतं. चानपेन रोज सकाळी तांदूळ निवडता निवडता त्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई किती सज्जन आहेत ते सांगत होती.

प्रयूनची उभी नोकरी जमीन खात्यात गेली होती. शेताचे बांध, कुंपणं, भावाभावांचे दावे. तिथे एक नियम त्याच्या हाडात मुरला होता. ज्या कागदावर हरकत आली आहे तो कागद पुढे सरकवायचा नाही. हरकत किती का फालतू असेना, आधी ती निकालात काढायची. निवृत्तीनंतर त्याच्या हाती कागद उरले नाहीत, पण नियम उरला. परिणामी त्या घरात दिवाणखान्याचा पंखा, मांजरीचा खोकला आणि जावयाचा शोध, सगळंच कधी ना कधी प्रलंबित राहिलं होतं.

गाडीची त्याने पद्धतशीर चौकशी केली. आधी ती रिकामी केली. छत्री, पाण्याच्या बाटल्या, जॅक, कागदी रुमालांचा डबा, आरशाला टांगलेला वाळका गजरा. आवाज राहिला. डॅशबोर्डवरची बुद्धमूर्ती हात जोडून उचलली, तिच्या बुडाला नवी चिकटपट्टी लावून पुन्हा बसवली. आवाज राहिला. दारांच्या फटींत त्याने चानपेनच्या जुन्या लोकरी शालीच्या पट्ट्या कापून भरल्या. आवाज राहिला आणि शाल गेली. दोन दिवस त्याला तोच आवाज जेवताना ताटाखालून, झोपताना उशीखालून येत होता. मध्येच उठून तो अंगणात जाई, बंद गाडीच्या टपावर बोटं वाजवून पाही आणि परत येई.

त्या दिवशी बाजार आवरल्यावर दोघींना घरी सोडून तो दामच्या गॅरेजात गेला. दाम हा सगळ्या फ्रे गावच्या गाड्यांचा डॉक्टर, आणि डॉक्टरासारखाच रोग्यापेक्षा नातेवाइकांना जास्त वैतागलेला. त्याने गाडीत बसून एक चक्कर मारली, डोळे मिटून ऐकलं आणि बोट वर केलं.

“छतात आहे, लुंग.”

लुंग म्हणजे काका. गावात निम्मे लोक त्याला हीच हाक मारत, उरलेले निम्मे त्याला टाळत.

“मग उघड.”

दामने वर पाहिलं. आरशाच्या वर चष्मा ठेवायचा छोटा कप्पा होता. गाडी नवी घेतली तेव्हा थोरल्या विहाराच्या लुआंग फोंनी, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्खूंनी, स्वतःच्या बोटाने पांढऱ्या चंदनात तिथे मंत्राक्षरं काढली होती आणि त्यावर सोन्याच्या वर्खाची तीन पानं लावली होती. मधलं पान नेमकं कप्प्याच्या झाकणाच्या फटीवर बसलं होतं. झाकण उघडलं तर पान फाटणार. त्यामुळे नऊ वर्षांत तो कप्पा कुणी उघडला नव्हता आणि प्रयूनने आपले चष्मे खिशात वागवून मोडले होते. पुढे लुआंग फो वारले. त्यांच्या हातची निशाणी आता दुसरी मिळणार नव्हती.

“त्याला मी हात लावणार नाही,” दाम म्हणाला. “माझ्या पिकअपलाही त्यांचाच हात लागलाय. म्हणून तर तिची ब्रेकची नळी फुटली ती चढावर फुटली, उतारावर नाही.”

“ब्रेकची नळी तू बदलली नव्हतीस म्हणून फुटली.”

“तेही आहे,” दाम म्हणाला. “पण चढावर फुटली.”

त्याने सुचवलं की नव्या लुआंग फोंना विचारून परवानगी घ्यावी. प्रयूनला नवे लुआंग फो पटत नव्हते. ते तरुण होते आणि प्रवचन चालू असताना त्यांचा फोन मांडीखाली चमकत असे, असं त्याने स्वतः पाहिलं होतं. तो दामचे पैसे न देता निघाला. दामनेही मागितले नाहीत. काम झालं नव्हतं यावर दोघांचं एकमत होतं.

घरी त्याने छताची गोष्ट सांगितली तेव्हा चानपेन मिरच्या भाजत होती. तिने मान वर केली नाही.

“छताला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “लुआंग फोंची जागा आहे ती. गाडी काहीतरी सांगतेय. सांगून झालं की गप्प होईल.”

“काय सांगतेय?”

“मी गाडी आहे का?”

मग जरा वेळाने, मिरच्यांच्या ठसक्यातून, तिने खोमसानचा विषय काढला. खोमसान हा थोरला मुलगा, रायोंगला कारखान्यात होता. आधी तो प्रत्येक सणाला यायचा. मग फक्त सोंगक्रानला, एप्रिलातल्या नव्या वर्षाला. आता पोरांचे फोटो येत होते, आणि फोटोतली पोरं दर वेळी वेगळीच वाटावीत इतकी वाढलेली असत. चानपेन तक्रार करत नव्हती. हिशेब मांडत होती. तुक्ता आतल्या खोलीत बॅग भरत होती. मग भरण्याचा आवाज थांबला.

गुरुवारी पौर्णिमा होती. चानपेन पांढरा सदरा घालून, भिक्खूंसाठी भाताचा डबा घेऊन विहारात गेली. तुक्ताही तिच्याबरोबर गेली. प्रयून चिंचेखाली लावलेल्या गाडीत जाऊन बसला. शोधायला काही उरलं नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं. त्याने सीट मागे टाकली आणि वर पाहत राहिला.

ऊन पुढच्या काचेतून आत आलं होतं आणि वर गेलं होतं. तीन पानं. डावं पान चहाच्या डागासारखं काळपटलेलं, कडेने झिजलेलं. उजवंही तसंच. मधलं झगझगत होतं.

प्रयूनने आयुष्यभर सातबारे पाहिले नव्हते, पण त्याच्या देशात त्यांना जे म्हणतात ते पाहिले होते. एकाच दिवशी लिहिलेल्या तीन ओळींपैकी मधलीच शाई ताजी दिसली, तर माणसाने खुर्चीत सरळ बसावं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो सरळ बसला. डोकं छताला लागलं आणि डोक्यापाशीच, टक.

त्याने हात जोडले, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि नखाने ते पान हलकेच सोडवलं. झाकण दाबलं. कप्पा अलगद खाली आला.

आत एक नाणं होतं आणि शेजारी हिरवी रेशमी फीत, घडी घालून ठेवलेली.

नाणं त्याने ओळखलं. मुलगा काही दिवसांची दीक्षा घ्यायला विहारात शिरतो तेव्हा फितींत गुंडाळलेली नाणी उधळतो. लोक ती झेलतात आणि शकुन म्हणून पाकिटात, गल्ल्यात, गाडीत ठेवतात. खोमसानच्या दीक्षेची नाणी चानपेनने रात्ररात्र बसून गुंडाळली होती, सगळी हिरव्या फितीत. एक तिने स्वतः झेललं होतं आणि बांगड्यांच्या डब्यात जपलं होतं. फितीतलं नाणं शकुनाचं असतं, आणि मुकं असतं. वाजायला ते उघडं करावं लागतं. म्हणजे कुणीतरी बसून, सावकाश, फितीची गाठ सोडली होती.

हरकत घेणारा माणूस कचेरीत कधी मोठ्याने बोलत नाही, हे प्रयूनला ठाऊक होतं. मोठ्याने बोलतात ते निकाल मागणारे.

त्याने नाणं फितीत गुंडाळलं, गाठ मारली, कप्प्यात टाकलं, झाकण लावलं आणि गाडी बाहेर काढली. विहारापुढचा गतिरोधक, शाळेपुढचा गतिरोधक, मग नदीकाठचा उखडलेला रस्ता. काही नाही. गाडी नवी असताना चालायची तशी चालली. पुलाच्या पलीकडे जाऊन तो वळला. मागची सीट रिकामी होती, शेजारची सीट रिकामी होती. काचा बंद होत्या. इतकं शांत होतं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज त्याला ऐकू आला. त्याने रेडिओ लावला, लगेच बंद केला. पुन्हा लावला. काच खाली केली. पुलावर त्याने गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिला. मागून एक भाजीची गाडी येऊन भोंगा वाजवत राहिली, तरी त्याने हात हलवले नाहीत.

मग त्याने आरशाच्या वर हात नेला आणि फितीच्या गाठीला नख लावलं.

घरी आल्यावर त्याने देव्हाऱ्याखालच्या खणातली सोन्याच्या वर्खाची पुडी काढली, एक पान घेतलं आणि पुडी होती तशी ठेवली. दोघी परतल्या तेव्हा तो गाडीची काच पुसत होता.

“गेला आवाज,” त्याने सांगितलं. “शनिवारी सकाळी निघ.”

तुक्ताने दारातच त्याला मिठी मारली आणि मग लाजून सोडली. त्या घरात हा प्रकार नव्हता. चक्कर मारून बघू का, असं तिने विचारलं. प्रयून म्हणाला, मी बघून आलोय, पेट्रोल फुकट जाळू नकोस. शुक्रवारी तिने दवाखान्यात जाऊन नाही सांगितलं.

चानपेन गाडीपर्यंत गेली, काचेतून आत पाहिलं, छताकडे पाहिलं. मधलं पान जागेवर होतं, चकचकीत. ती घरात गेली. देव्हाऱ्याखालचा खण उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ बंद झाल्याचा आला नाही. प्रयून काच पुसत राहिला. ती कधीच स्वच्छ झाली होती.

शनिवारी गाडीत चिकट भाताच्या परड्या, मिरचीची चटणी, डुकराच्या कातडीचे तळलेले तुकडे, दोन रजया आणि चानपेनची उरलेली अर्धी शाल भरली. निघताना तुक्ताने दोघांच्या पाया पडून घेतलं. चानपेन फाटकापर्यंत गेली नाही. प्रयून गेला, आणि गाडी वळणाआड गेल्यावरही उभा राहिला, मान एका बाजूला कलती करून.

दुपारी जेवण लागलं. दोनच पानं. भात तोंडात असताना फोन वाजला. चानपेनने तो उचलून दोघांच्या मध्ये ठेवला आणि आवाज मोठा केला. तुक्ता वाटेत चहाला थांबली होती. रस्ता बरा आहे, रानं जाळल्याचा धूर जरा आहे, असं तिने आधी सांगितलं.

“बाबा, तुम्हाला वाईट वाटेल. पण घाट लागल्यापासून परत येतोय. टक-टक. डोक्यावर कुठेतरी.”

चानपेनचा हात ताटातच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो माशाचा काटा काढत होता, अतिशय लक्षपूर्वक.

“येऊ दे,” तो म्हणाला. “गाडीला धोका नाही त्याने. मात्र तिकडे कुठल्या गॅरेजवाल्याला छताला हात लावू देऊ नकोस.”

“मग हे असंच वाजत राहणार?”

“सोंगक्रानला गाडी घेऊन ये. मी बघतो.”

“तुम्ही तर म्हणाला होतात, गेला.”

“अवघड जागा आहे,” प्रयून म्हणाला. “एका बैठकीत व्हायचं नाही.”

फोन ठेवल्यावर पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. तोही बरीच वर्षं कुरकुरत होता. चानपेनने माशाचा पोटाकडचा भाग, जो ती कधी कुणाला देत नसे, उचलून त्याच्या भातावर ठेवला.

“वर्ख संपत आलाय,” ती म्हणाली. “सोंगक्रानच्या आत एक पुडी आणून ठेवा.”

“दोन आणतो,” प्रयून म्हणाला.