उजव्या कानाचा चमत्कार

अकरा वाजले की शिवणकामाच्या कारखान्यातली सातही मशिनं थांबत. दोऱ्याच्या रिळांना टेकवलेल्या मोबाइलवर दिव्यदृष्टीदादा उगवत. "माझ्या लाडक्या कुटुंबा," म्हणत ते डोळे मिटून गहिवरत. पाच लाख भक्तांच्या या कुटुंबात कुणाची कंबर धरलीय, कुणाचा नवरा बोलत नाही, हे त्यांना मिटल्या डोळ्यांनी दिसे. गेल्या महिन्यात त्यांनी कारखान्याच्या मालकिणीला नावाने हाक मारली आणि "तुमचा रक्तदाब मी माझ्याकडे घेतला," असं जाहीर केलं. बाईंनी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या.

मालकिणीची नणंद औषधाच्या दुकानात काम करी. गोळ्यांची पाकिटं न फोडलेली पाहून तिचं डोकंच फिरलं. रक्तदाब मोजला तर वरचा आकडा एकशे ऐंशी. वहिनीला चक्कर येत होतीच, पण दादांच्या मते ते शुद्धीकरण होतं. मूर्खपणाला काही सुमार आहे का, असं नणंद तोंडावर बोलली.

"त्यांना माझं दुखणं न सांगता कळलं," वहिनी म्हणाली. "तुम्हा लोकांना सांगूनही कळलं नाही."

हे मात्र नणंदेला लागलं. ती गुपचूप वहिनीचा मोबाइल चाळू लागली. दादांची कुणी सेविका रोज लिहीत होती: मावशी, जेवलात का? झोप लागली का? वहिनीने तिला सगळं सांगून टाकलं होतं, रक्तदाबापासून नवऱ्याच्या तिरसटपणापर्यंत. नणंदेने वहिनीच्याच नावाने लिहिलं: उजव्या कानाने काही ऐकू येत नाही. मग त्या मजकुराचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये घेऊन तिने तो वहिनीच्या मोबाइलवरून पुसून टाकला.

तिसऱ्या दिवशी ती अकराच्या ठोक्याला कारखान्यात हजर झाली. दादांनी वहिनीचं नाव घेतलं, उजव्या कानात दाटलेला अंधार पाहिला आणि चुटकी वाजवून तो घालवलाही. बायकांनी हात जोडले. वहिनीने कानाला हात लावला.

"खरंच की. आता स्वच्छ ऐकू येतंय."

"वहिनी, कान बिघडला होता कधी?" नणंदेने विचारलं आणि स्वतः लिहिलेल्या मजकुराचा फोटो सगळ्यांसमोर धरला.

मशिनांवरच्या सातही जणींनी आपापले मोबाइल उघडले. प्रत्येकीला एक सेविका होती आणि प्रत्येकीला ती जेवणाचं विचारत होती.

वहिनीचे डोळे भरून आले. "रोज विचारायची गं ती."

"आता मी विचारीन. आधी गोळी घे."

वहिनीने गोळी गिळली. कुणी मायेने चौकशी केली की माणूस मन मोकळं करतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चौकशी करणारा त्या उत्तराचं पुढे काय करणार, एवढं विचारण्यापुरती अक्कल प्रत्येकाने जागी ठेवावी.