अप्पांचा कान

“तोंडानं काढून दाखव, मेल्या, तोंडानं!”

चिंचपोकळीच्या गॅरेजातून अप्पांची ही गर्जना उठली, की शेजारच्या गिरणीचा भोंगा लाजून त्या दिवशी जरा हळूच वाजे. चैत्राचं ऊन तेलकट फरशीवर वितळत होतं, अप्पांच्या पांढऱ्या भुवयांत लोखंडाचा कीस चांदण्यासारखा लुकलुकत होता, आणि समोर माझा थोरला भाऊ, गजादादा, आपल्या म्हाताऱ्या मोटारीशेजारी गाल धरून उभा होता.

मोटार कुठूनशी कण्हत होती. संध्याकाळी तिच्या टपावर कर्णा बांधून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची हाक गिरगावभर द्यायची होती. दादानं तसा अख्ख्या फणसवाडीला शब्द दिला होता.

अप्पांची रीतच न्यारी. मालकानं मोटारीचा आवाज स्वतःच्या मुखानं काढायचा. मी भल्याभल्या वकिलांना तिथं घुरघुरताना पाहिलं आहे. एक शेठजी तर इतका हुबेहूब खोकला, की अप्पा त्याचाच कार्बोरेटर उघडायला निघाले होते. अशा वेळी त्यांची नजर समोरच्याच्या मुखावर निवाऱ्यातल्या ज्योतीसारखी निश्चल होई, आणि मग निदान येई. अचूक.

त्या दिवशी मात्र दादाची दाढ सुजलेली. हनुवटीपासून नाकापर्यंत मफलर. त्याच्या आतून त्यानं जीव तोडून घर्र-खट्, घर्र-खट् केलं. अप्पा गोंधळले. मोटार त्यांच्यापुढून फिरवून दाखवली. तिचं कण्हणं माझ्या दातांच्या मुळांशी जाऊन बसलं, पण अप्पांच्या चेहऱ्यावर रेघ हलेना. शेवटी म्हणाले, गिअरबॉक्स उतरवू, उद्या बघू. उद्या म्हणजे सभा उरकल्यावर.

दादानं मफलर ओरबाडून भिरकावला आणि सुजल्या तोंडानं असा घर्र-खट् काढला, की पुलावरची कबुतरं थेट लालबागेत जाऊन उतरली.

“मागचं चाक,” अप्पा म्हणाले. “बेअरिंग गेलंय.”

बेअरिंगच होतं. दिवेलागणीला आमचा कर्णा गिरगावात घुमला, खिडक्याखिडक्यांतून माणसं ओणवली. मी मात्र टपाखाली बसून चक्रावलो होतो. तोच आवाज खुद्द मोटारीनं दिला तर कळला नाही, आणि दादानं दिला तर कळला, हे कसं?

आता अप्पा नाहीत. गेलेल्या माणसाचे हात आठवतात, भुवया आठवतात. त्याला जग कसं भासत होतं, ते मात्र त्याच्याबरोबरच जातं, आणि आपण आपल्या स्मृतीतही त्याच्या शेजारी परक्यासारखे उभे राहतो. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. न राहवून मी अप्पांच्या त्या दैवी कानाचं गुपित विचारलं.

“ह्यांना ऐकू कुठं यायचं?” काकू मान वर न करता म्हणाल्या. “आधी गिरणीत साच्यांवर होते ना. मागांच्या त्या खडखडाटात सगळे ओठच वाचायचे.”